बारच्या दारात लावलेली स्कूटर

पहिल्या दिवशी मी स्कूटर बारसमोर लावली.

सासष्टीतलं एक गाव. चॅपेलच्या मागे एक लांबट हॉल, त्याला अंगण, अंगणात आंबा आणि आंब्याखाली गाड्या लावायला ऐसपैस जागा. तरी मी रस्ता ओलांडून समोरच्या बारच्या दारात स्कूटर स्टँडवर चढवली, हेल्मेट काढलं, इकडेतिकडे पाहिलं आणि मगच हॉलकडे चालू लागलो. हिशेब सोपा होता. ओळखीच्या कोणी पाहिलंच, तर त्याला वाटावं की हा प्यायला आलाय. गोव्यात संध्याकाळी साडेसातला बारसमोर स्कूटर दिसली तर कोणी मागे वळूनही बघत नाही. दारू सोडायला आलेल्यांच्या हॉलसमोर दिसली, तर ती बातमी माझ्याआधी घरी, फोंड्याला पोचली असती.

हॉल कुठला, वार कुठला, हे मी लिहिणार नाही. माणसांची नावंही नाहीत. तिथला तो पहिला नियम आहे आणि तो मला पटलेला आहे.

प्यायला कधी लागलो याची तारीख सांगता येत नाही. सत्तरी तालुक्यात मामाची काजूची भाटी, म्हणजे दारू गाळायची भट्टी होती. मार्च-एप्रिलच्या सुट्टीत आम्ही मुलं बोंडू, म्हणजे काजूची फळं, तुडवायला जायचो. गुडघ्यापर्यंत चिकट पाय, सगळ्या अंगाला तो आंबूस गोड वास आणि मातीच्या भांड्याखाली धुमसणारी लाकडं. पहिल्या धारेचा उर्राक मामाने बोटावर घेऊन माझ्या जिभेला लावला, तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा असेन. यात मामाचा काही दोष नाही. त्याने स्वतःच्या मुलांच्याही जिभेला लावला होता आणि ती सगळी आज व्यवस्थित आहेत. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मलाही अभिमान वाटला होता. त्या वेळी मी फेणी कधीच सोडून दिली होती, कारण ती महाग आणि वासाने घरात लगेच कळते. मी व्होडकावर आलो होतो. ती सकाळी घेता येते.

महाराष्ट्रातले मित्र म्हणतात, तुम्ही काय बाबा, गोव्याचे! मी त्यांना म्हणतो, तुम्ही चार दिवस येता आणि रविवारी रात्रीच्या बसने परत जाता. आम्हाला सोमवारीही इथेच राहायचं असतं.

माझा बचाव श्रावण होता. आमच्याकडे श्रावणात मासळी बंद, दारू बंद. वर्षातला एक महिना जो माणूस थेंबालाही शिवत नाही, तो दारुड्या कसा असेल? हा युक्तिवाद मी बायकोला, भावाला आणि आरशाला अनेक वर्षं ऐकवला. शेवटच्या काही श्रावणांत मी काय करत होतो, ते आरशाला माहीत होतं.

मग एका वर्षी खरोखरच पाळायचं ठरवलं. अमावस्येच्या रात्री पोटभर प्यायलो आणि दुसऱ्या दिवसापासून एकदम बंद. दुपारपर्यंत हात थरथरायला लागले, कप बशीवर वाजायला लागला. रात्री घामाने चादर भिजली. तिसऱ्या दिवशी देवघराच्या भिंतीवरून लाल मुंग्यांची रांग चाललेली दिसली. मी बायकोला फिनेल आणायला सांगितलं. तिने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फिनेल न आणता दिराला फोन केला.

इस्पितळात डॉक्टरने नंतर जे समजावलं, ते आधी माहीत असतं तर मी तो शहाणपणा केला नसता. दारू मेंदूला दाबून ठेवते. वर्षानुवर्षं दाबलेला मेंदू तोल सांभाळण्यासाठी स्वतःला जास्त चेतवून घेतो. मग एके दिवशी दारू काढून घेतली की दाब जातो आणि चेतवलेलं सगळं तेवढं उरतं. काही तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान माझ्यासारख्या मुंग्या दिसायला लागतात. यात माणसं मरतात. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषध देऊन आणि ते हळूहळू उतरवत बंद करावी. मला बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली, झोपेचं औषध दिलं, आठवडाभरात मुंग्या गेल्या आणि चतुर्थीच्या आधी मी घरी आलो. सगळ्यांना वाटलं, सुटली. मलाही.

निघताना डॉक्टरने एका कागदावर फोन नंबर लिहून दिला होता. "शरीराचं काम आम्ही केलं," तो म्हणाला, "पुढचं आम्हाला तितकंसं जमत नाही. यांना जमतं." आपल्याला जमत नाही असं कबूल करणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहत होतो. तो कागद पाकिटात अडीच आठवडे राहिला. तेव्हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नव्हता, तो ऑक्टोबर 2022 मध्ये आला. नाहीतर मी बहुधा तोच लावला असता, कारण तिकडचा माणूस गोव्यातला नसेल अशी आशा तरी बाळगता आली असती.

शेवटी फोन केला तो घराबाहेर, विहिरीकडे जाऊन.

"माझ्या एका मित्राला प्रॉब्लेम आहे," मी म्हणालो.

"बरं," पलीकडचा आवाज म्हणाला. "मित्राला घेऊन या. तो नाही आला तर तुम्ही एकटे या."

बोरीच्या पुलापलीकडचा ग्रुप मी मुद्दाम निवडला. फोंड्यापासून दूर, आणि तिकडे बहुतेक ख्रिस्ती लोक असतील, म्हणजे आपल्याला कोण ओळखणार, असा विचार. गोव्यात लांब जाऊन ओळख लपवणं म्हणजे एकाच घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊन लपणं. हॉलच्या दारात पाय ठेवला आणि डावीकडच्या तिसऱ्या खुर्चीवर आमच्या बाजारात नेहमी दिसणारा एक माणूस बसलेला. माझी मान आपोआप खाली गेली. त्याची गेली नाही. त्याने मला पाहिलं, ओळखीचं काहीही दाखवलं नाही आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली छत्री उचलून खाली ठेवली. एवढंच. मी त्या खुर्चीवर बसलो नाही. मागे, खिडकीपाशी बसलो.

चौदा-पंधरा माणसं होती. प्लास्टिकच्या लाल खुर्च्या, कुरकुरणारा पंखा, भिंतीवर दारूतून बाहेर पडायच्या बारा पायऱ्यांचा फलक. एका कोपऱ्यात स्टीलची किटली आणि काचेचे ग्लास. मला वाटलं होतं, फॉर्म भरावा लागेल, फी असेल, एखादा साहेब येऊन भाषण देईल. यातलं काहीच नाही. सदस्य व्हायला एकच अट: पिणं थांबवायची इच्छा. खर्च भागवायला शेवटी एक कापडी पिशवी फिरते, ज्याला जमेल त्याने टाकावं. बाहेरच्या कोणाकडून देणगी घेत नाहीत. एकेकजण उठतो, स्वतःचं सांगतो, बसतो. त्याला कोणी अडवत नाही, सल्ला देत नाही, उलट बोलत नाही. आमच्याकडे साधी वाड्यावरची बैठकही इतक्या शिस्तीने होत नाही.

या सगळ्याचं मूळ मला पुढे कळलं. 1935 चा मे महिना. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ऍक्रन शहर. न्यूयॉर्कहून धंद्यासाठी आलेला बिल विल्सन नावाचा शेअर दलाल. सौदा फिसकटलेला, खिशात फार पैसे नाहीत, हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा. एका बाजूला बार, आतून हसण्याचे आवाज. काही महिन्यांपूर्वीच त्याची सुटलेली. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि चर्चच्या पाद्र्यांची यादी. तो फोनकडे वळला. त्याला कोणी उपदेश करायला नको होता, बोलायला दुसरा दारुडा हवा होता. शोधता शोधता त्याची गाठ त्या गावातल्या डॉक्टर बॉब स्मिथ या सर्जनशी पडली. डॉक्टरने आधीच बजावलं होतं, पंधरा मिनिटं थांबेन. दोघं सहा तासांहून जास्त वेळ बोलत बसले. डॉक्टरने शेवटचा घोट घेतला तो 10 जून 1935 ला, आणि अल्कोहोलिक्स ऍनॉनिमस (एए), म्हणजे आमची ही संघटना, आपला जन्मदिवस तोच मानते. मला या गोष्टीत सर्वात आवडते ती पंधरा मिनिटांची अट. मीही पहिल्या दिवशी घड्याळाकडे बघतच बसलो होतो.

माझी बोलायची पाळी आली तिसऱ्या मीटिंगला.

इथे थोडं माझ्या आवाजाबद्दल सांगायला हवं. आमच्या देवळाच्या जत्रेला दरवर्षी मराठी नाटक होतं आणि गेली वीसेक वर्षं त्यात सरदार, खलनायक, नायिकेचा बाप यांपैकी कोणीतरी मी असतो. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत माइकशिवाय पोचतो. शिवाय आम्हा फोंड्याकडच्या माणसांचं असं असतं की घरात, बाजारात, भांडणात कोंकणी, आणि पेपर, आरती, भजन, लग्नपत्रिका, नाटक मराठीत. दोन्ही आमच्याच. कुठे कुठली काढायची हे आम्हाला कोणी शिकवत नाही.

तर मी उठलो आणि मराठी काढली. उच्च दर्जाची. मद्याच्या विळख्यात सापडलेला संसार, अश्रूंनी भिजलेला तिचा पदर, आणि पश्चात्तापाच्या आगीत होरपळणारा मी. दहा मिनिटं बोललो. एके ठिकाणी विराम घेतला, तोही बरोबर पडला. कॅथलिक मंडळींना मराठी अर्धीमुर्धीच कळत असणार, तरी सगळे शांत बसून ऐकत होते. मी बसलो तेव्हा मनातल्या मनात टाळ्या वाजत होत्या.

नंतर किटलीपाशी एक म्हातारा आला. सत्तरीचा, पायजमा आणि बनियनवर शर्ट. त्याने माझ्या ग्लासात चहा ओतला आणि विचारलं,

"नाटकांत काम करता न्हय रे तूं?"

नाटकात काम करतोस ना रे? एवढंच. आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता. मी हो म्हणालो, चहा तसाच ठेवला आणि बोरीच्या पुलापर्यंत त्याला शिव्या घालत आलो. पुलावर जुवारीचा वारा लागला तेव्हा त्या शिव्या कोंकणीत चालल्या आहेत हे लक्षात आलं.

बायको कधी आली नाही. दारुड्यांच्या घरच्यांसाठी अल-ऍनॉन नावाचे वेगळे ग्रुप असतात. 1951 मध्ये सुरू झाले, सुरू करणाऱ्यांत बिलची बायको लोइस होती. हे मी तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुका जाय जाल्यार तूं वच. हांव कित्याक येवं?" तुला हवं तर तू जा, मी का येऊ? त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. पंधरा वर्षं तिने रात्री माझे बूट काढले होते. आता त्यासाठी तिने प्रवास करून जायचं, खुर्चीवर बसायचं आणि ते पुन्हा सांगायचं, हे मागणं मला वाटतं तेवढं साधं नव्हतं. तिने तिच्या पद्धतीने केलं. मीटिंगच्या दिवशी जेवण लवकर व्हायचं आणि स्कूटरची चावी टेबलावर काढलेली असायची.

खरा आधार आला तो हॉलबाहेरून. पहिल्या मीटिंगनंतर काही दिवसांनी मी मासळी बाजारात बांगडे बघत होतो. शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं. तो छत्रीवाला. त्यानेही एक बांगडा उचलला, कल्ला उघडून पाहिला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आयज?"

मला एक क्षण कळलंच नाही. मग म्हणालो, "ना."

"हांवूय ना," तो म्हणाला. मीही नाही. आणि डझनाचा भाव करायला लागला.

तेव्हापासून आमचा हा परिपाठ पडला. आज घेतली का? नाही. दुसरं काही विचारायचं नाही. मासेवाल्या बाईला वाटत असणार की दोघं बांगड्यांबद्दल बोलतायत. आयुष्यभरासाठी सोडली म्हणायचं नाही, फक्त आजच्या दिवसापुरतं, हे त्या हॉलमध्ये दर मीटिंगला ऐकायला मिळतं. भिंतीवरचं ते वाक्य मला पाठ होतं, पण त्याचं वजन मला बाजारात, माशांच्या वासात कळलं. एका दिवसाचं उत्तर द्यायला माणूस खोटं बोलायचा कंटाळा करतो.

मग जत्रा आली. पाचवा महिना चालला होता. मेकअपच्या खोलीत, दुसऱ्या अंकाआधी, कोणीतरी सगळ्यांसाठी स्टीलचे पेले भरले. मला देऊ नका, असं सांगायला कोणालाच कारण माहीत नव्हतं, कारण मी कोणाला सांगितलंच नव्हतं. मी पेला घेतला. तिसऱ्या अंकात माझे संवाद बरोबर आले, लोक म्हणाले या वर्षी काम छान झालं. पुढचे नऊ दिवस मला नीट आठवत नाहीत.

दहाव्या दिवशी बाजारात तो दिसला. नेहमीसारखा शेजारी येऊन उभा राहिला. "आयज?"

मी गप्प. त्याने हातातला मासा खाली ठेवला, रुमालाला हात पुसले आणि मला खांद्याला धरून बाजाराबाहेर, त्याच्या गाडीत बसवलं. आधी दवाखान्यात नेलं, कारण हात पुन्हा थरथरत होते. औषध चालू झालं. चार दिवसांनी मीटिंग होती.

त्या दिवशी हॉलमध्ये कोणी "का प्यायलास" असं विचारलं नाही. म्हाताऱ्याने खुर्ची पुढे सरकवली. "यो, बस." ये, बस. माझी पाळी आली तेव्हा मी उठलो नाही. बसूनच म्हणालो, "हांव बेबदो." मी दारुडा. "आयज घेवंक ना." आज घेतलेली नाही. पुढे काही सुचलं नाही. आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतसुद्धा गेला नसेल.

मी हे मराठीत का लिहितोय, असं कोणी विचारेल. मला लिहायला मराठीच येते. शाळेपासून हात मराठीच लिहितो. आणि इथे तुमच्यासमोर मी थोडा वेशभूषा करूनच बसलो आहे, हे मी नाकारत नाही.

मार्च 2020 मध्ये हॉलला कुलूप लागलं. बाजारही बंद. आम्ही फोनवर भेटायला लागलो, छोट्या छोट्या चौकटीत सगळ्यांचे चेहरे. म्हाताऱ्याचा कॅमेरा कायम छताकडे. त्याच दिवसांत माझ्या पुतण्याने, जो पुण्यात औषधशास्त्र शिकतो, मला एक अहवाल पाठवला: कॉक्रेन संस्थेने त्याच महिन्यात प्रसिद्ध केलेला, 27 अभ्यास आणि 10,565 लोकांचा आढावा. निष्कर्ष असा की सलग दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत एएची पद्धत, नीट आखून राबवली तर, इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरते. पुतण्याने दुसरंही एक पाठवलं, ते तर आमच्या गोव्याचंच. संगथ या संस्थेने इथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 377 पुरुषांवर केलेलं काम, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेलं. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या आणि तीन महिन्यांनी त्यांच्याकडच्या 36 टक्के लोकांचं पिणं धोक्याच्या रेषेखाली आलं. नेहमीच्या उपचारात ते 26 टक्के होतं. हे माझ्यापेक्षा आधीच्या टप्प्यावरच्या लोकांसाठी, ज्यांना अजून मुंग्या दिसलेल्या नाहीत. मला तसा कोणी वेळेवर भेटला असता तर मी ऐकलं असतं का? खरं सांगायचं तर नसतं. मी श्रावण पाळत होतो.

ग्रुप सगळ्यांना मानवतो असंही नाही. एक तरुण मुलगा दोनदा आला आणि देवाचं नाव फार येतं म्हणून गेला. तिथे 'आपापल्या समजुतीप्रमाणे असलेला देव' असं म्हणतात, म्हणजे मंगेशीचा चालतो, जुन्या गोव्याचा चालतो आणि समुद्रही चालतो, पण त्याला ते पटलं नाही. एक बाई यायच्या, अगदी मागे बसायच्या. पंधरा पुरुषांत एकटीने उभं राहून हे सांगणं काय असतं, ते आम्हा पुरुषांना कळलं असं मला वाटत नाही. त्या पुढे दुसऱ्या ग्रुपला गेल्या. चांगलं झालं.

हॉल पुन्हा उघडल्यावर किल्ली माझ्याकडे आली. किल्ली म्हणजे चहा, खुर्च्या आणि डासांची कॉइल. म्हाताऱ्याला आता येणं जमत नाही.

गेल्या आषाढात एका मीटिंगला इतका पाऊस होता की बोरीच्या पुलावर पुढचं दिसत नव्हतं. अंगणात घोटाभर पाणी. मी स्कूटर आंब्याखाली लावली, किटली चढवली, पंधरा खुर्च्या मांडल्या. आठ वाजले तरी कोणी नाही. सव्वाआठला छत्रीवाला आला, पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली. आणि तेवढ्यात वीज गेली.

"रद्द करूया?" मी विचारलं.

"दोघे आसात," तो म्हणाला. दोघं आहोत ना.

मेणबत्ती शोधली, सापडली नाही. मग अंधारातच सुरुवात केली. प्रार्थना पाठ होती, पायऱ्यांचं वाचन जमेल तेवढं आठवून म्हटलं. कौलांवरच्या पावसामुळे एकमेकांचं ऐकायला खुर्च्या जवळ घ्याव्या लागल्या. आधी तो बोलला. मुलगी परदेशी निघाली आहे, विमानतळावर निरोप द्यायला जायचं, आणि त्या रात्रीची भीती वाटते. मग मी बोललो. जत्रेच्या नाटकाची तालीम आता सुरू होईल, या वेळी दिग्दर्शकाला आधीच सांगून ठेवणार आहे, पण कसं सांगायचं ते ठरत नाही. दोघांनीही सल्ला दिला नाही.

साडेनऊला दिवे आले. दोघंही डोळे चोळत राहिलो. पंधरापैकी तेरा खुर्च्या रिकाम्या, किटली अजून गरम. पिशवी फिरवायची राहिली होती. मी त्याच्यासमोर धरली, त्याने वीस टाकले, मग त्याने माझ्यासमोर धरली. वहीत तारीख लिहिली, हजेरी दोन, जमा चाळीस रुपये. त्याने खुर्च्या एकावर एक रचल्या आणि मी उरलेला चहा आंब्याच्या बुंध्यात ओतला.